खापर, हाड आणि शब्द : डेक्कन कॉलेजच्या संशोधनाची वाटचाल

नेवाशाच्या उत्खननात ताम्रपाषाणयुगातील एका दफनात तांब्याचे मणी मिळाले. मणी ज्या धाग्यात ओवले होते, त्याचे काही तंतू तांब्याच्या गंजामुळे कुजण्यापासून वाचले होते. मोहेंजोदडोच्या सुताची तपासणी केलेल्या ए. एन. गुलाटी यांनी हे तंतू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा त्यांत रेशीम आढळले. चांडोलीच्या दफनातील धागा मात्र जवसाच्या तंतूंचा निघाला. डेक्कन कॉलेजने 1961 मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका तांत्रिक अहवालात हे निष्कर्ष छापले गेले. त्याच अहवालात ज्युलिएट क्लटन-ब्रॉक यांनी प्राण्यांच्या हाडांविषयी लिहिले होते आणि लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतील विष्णु-मित्र यांनी जळून कोळसा झालेल्या धान्याविषयी.

इतिहासाच्या एका प्रश्नासाठी प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र आणि तंतुशास्त्र यांची माणसे एकाच पुस्तकात आणणे, ही त्या काळी भारतात रुळलेली पद्धत नव्हती. येरवड्याच्या या संस्थेने ती रुळवली. प्रश्नाला जी विद्या लागेल ती बोलवायची आणि पुढे ती आपल्याच आवारात उभी करायची, अशी इथली रीत पडली. संस्थेने दोन शतके पूर्ण केली, त्या निमित्ताने या रीतीचा दशकवार आढावा घेत आहोत.

1821 ते 1939 : पाठशाळा, महाविद्यालय आणि एक खंड

पेशवाई संपल्यावर दक्षिणेच्या निधीचे काय करायचे, हा प्रश्न नव्या राज्यकर्त्यांपुढे होता. विद्वानांना दक्षिणा देण्याची प्रथा खंडेराव दाभाडे यांच्यापासून चालत आली होती आणि पेशव्यांनी ती वाढवली होती. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांच्या धोरणानुसार त्या निधीचा काही भाग शिक्षणाकडे वळवला गेला आणि 6 ऑक्टोबर 1821 रोजी विश्रामबागवाड्यात हिंदू कॉलेज सुरू झाले. न्याय, व्याकरण, वेदान्त, धर्मशास्त्र यांच्या जोडीने तेथे ज्योतिष आणि वैद्यकही शिकवले जाई.

1851 मध्ये इंग्रजी शाळेशी जोडले जाऊन त्याचे पूना कॉलेज झाले, तर 1864 मध्ये त्याला डेक्कन कॉलेज हे नाव मिळाले. सर जमशेटजी जीजीभाई यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून येरवड्याला कॅप्टन हेन्री सेंट क्लेअर विल्किन्स यांनी आखलेली गॉथिक धाटणीची दगडी इमारत उभी राहिली. मार्च 1868 मध्ये कॉलेज तेथे गेले. विष्णुशास्त्री चिपळूणकर, लोकमान्य टिळक, गोपाळ गणेश आगरकर, इतिहासाचार्य राजवाडे ही मंडळी इथलीच. फ्रान्झ कीलहॉर्न आणि त्यांच्यानंतर रा. गो. भांडारकर यांनी संस्कृतच्या अध्यापनाला चिकित्सेची शिस्त लावली.

1934 मध्ये सरकारने कॉलेज बंद केले. जीजीभाईंची देणगी ज्या हेतूने स्वीकारली होती, त्याची आठवण माजी विद्यार्थ्यांनी सरकारला करून दिली आणि न्यायालयात दाद मागितली. पाच वर्षांच्या खटाटोपानंतर 17 ऑगस्ट 1939 रोजी दरवाजे पुन्हा उघडले, पण निराळ्या कामासाठी. नवी संस्था पदव्युत्तर अध्यापनाची आणि संशोधनाची होती. भाषाशास्त्रज्ञ इराच तारापोरवाला पहिले संचालक झाले. सुरुवातीच्या अध्यापकांत भाषाशास्त्राचे सु. मं. कत्रे, प्राचीन इतिहासाचे ह. धी. सांकलिया, समाजशास्त्राच्या इरावती कर्वे आणि मराठ्यांच्या इतिहासाचे त्र्यं. शं. शेजवलकर होते. साताऱ्याचा द. ब. पारसनीस यांचा संग्रह याच सुमारास येथे आला आणि त्यातून मराठा इतिहासाचे संग्रहालय उभे राहिले.

चाळीसचे दशक : एका वाड्यातील शेजार

विभाग छोटे होते, पैसा बेताचा होता आणि महायुद्ध सुरू होते. पण एकाच इमारतीत, जवळजवळच्या खोल्यांत बसणारी ही माणसे एकमेकांच्या कामात रस घेत होती.

सांकलियांनी लंडनच्या पीएच.डी.बरोबर मॉर्टिमर व्हीलर यांच्या मेडन कॅसलच्या उत्खननात प्रत्यक्ष काम केले होते. थरांचा हिशेब कसा ठेवायचा, हे ते तेथे शिकले. 1941 पासून ते गुजरातच्या नद्यांच्या काठाने आदिमानवाच्या दगडी हत्यारांचा माग काढत हिंडू लागले. मेहसाणा भागातील लांघणज येथे वाळूच्या टेकाडात सूक्ष्मास्त्रांबरोबर मानवी सांगाडे मिळाले. आता हत्यारांचा अभ्यास पुरेसा नव्हता. इरावतीबाईंनी बर्लिनमध्ये मानवी कवट्यांवर डॉक्टरेट केली होती, त्यामुळे सांगाडे उकरण्यापासून मोजण्यापर्यंत त्या या कामात सामील झाल्या. उरला प्रश्न वाळूचा. ती केव्हा साचली आणि तेव्हा हवामान कोरडे होते की ओले? त्यासाठी लंडन विद्यापीठातील फ्रेडरिक झॉयनर यांना बोलावले गेले. त्यांनी माती, वाळू आणि नद्यांचे थर तपासून लिहिलेला गुजरातच्या अश्मयुगीन कालक्रमावरील ग्रंथ संस्थेने 1950 मध्ये प्रसिद्ध केला.

इतर खोल्यांतील कामही असेच हद्द ओलांडणारे होते. कत्रे कोकणीच्या घडणीचा इतिहास लिहीत होते. सी. आर. शंकरन ध्वनिशास्त्राची प्रयोगशाळा उभारत होते. शेजवलकरांनी पानिपतच्या युद्धावरचा आपला इंग्रजी ग्रंथ 1946 मध्ये दिला, तो कागदपत्रांच्या जोडीला रणभूमीची पाहणी करून.

1948 मध्ये कत्रे यांच्या नेतृत्वाखाली संस्कृतचा ऐतिहासिक तत्त्वांवर आधारलेला महाकोश हाती घेतला गेला. प्रत्येक शब्दाचा अर्थ वेदकाळापासून कसा बदलत गेला, हे प्रत्यक्ष वापराच्या दाखल्यांनिशी नोंदवायचे, अशी योजना होती. पुढची पंचवीसएक वर्षे पंडितांची एक फळी केवळ चिठ्ठ्या लिहीत होती. सुमारे दीड हजार ग्रंथ वाचून सुमारे एक कोटी चिठ्ठ्या तयार झाल्या. काव्य आणि दर्शनांबरोबर आयुर्वेद, गणित, स्थापत्य, पाकशास्त्र, अश्वविद्या असे विषय मिळून 62 ज्ञानशाखा त्यांत आल्या. त्या चिठ्ठ्या लिहिणाऱ्या अनेकांची नावे मुखपृष्ठावर कधी आली नाहीत, पण कोशाचा पाया त्यांच्याच अक्षरात आहे.

पन्नासचे दशक : पांढरीची टेकाडे

महाराष्ट्रात सातवाहनांच्या आधी कोण राहत होते, याचे धड उत्तर 1950 पर्यंत कोणाकडे नव्हते. गावोगाव पांढरीची, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीची, टेकाडे होती. शेतकरी तिथली माती खत म्हणून शेतात नेत. संगमनेर तालुक्यात प्रवरेकाठी जोर्वे येथे 1950-51 मध्ये लहानसे उत्खनन झाले. तांबड्या पृष्ठभागावर काळ्या रंगाची नक्षी असलेली, नीट भाजलेली खापरे आणि तांब्याच्या चपट्या कुऱ्हाडी अशा वस्तूंमुळे एक अख्खी शेतकरी संस्कृती उजेडात आली. 'जोर्वे संस्कृती' हे नाव आता जगभरच्या पुरातत्त्वग्रंथांत आढळते.

पाठोपाठ नर्मदाकाठी महेश्वर-नावडातोली येथे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या सहकार्याने मोठे काम झाले. तेथील घरांच्या जमिनींवर गहू, तांदूळ, मसूर, लाख अशी धान्ये जळालेल्या रूपात मिळाली. नेवाशाला ज्ञानेश्वरांच्या काळाच्या खाली उतरत उतरत उत्खनन थेट अश्मयुगीन हत्यारांपर्यंत पोहोचले. शां. भा. देव, झै. दा. अन्सारी आदी सहकाऱ्यांसह सांकलियांनी लिहिलेल्या अहवालाच्या नावातच इतिहासाकडून प्रागितिहासाकडे जाणारा हा प्रवास आहे.

1953 मध्ये इरावतीबाईंचा भारतातील नातेसंबंधांवरचा ग्रंथ संस्थेच्या मालेत निघाला. त्यासाठी त्या देशभर हिंडल्या. बहिणीच्या नवऱ्याला काय म्हणतात, मामाची मुलगी करतात की नाही, लेक माहेरी किती दिवस राहते, असे प्रश्न त्यांनी घरोघरी विचारले आणि उत्तरांची सांगड संस्कृत-पाली-प्राकृत ग्रंथांतील नातेवाचक शब्दांशी घातली. भारताचे उत्तर, मध्य, दक्षिण आणि पूर्व असे नातेव्यवस्थेचे विभाग पाडताना त्यांनी भाषेच्या सीमा हाताशी धरल्या. समाजशास्त्र, मानवशास्त्र आणि भाषाशास्त्र या तिन्ही विषयांचे विद्यार्थी हा ग्रंथ आपला मानतात.

भाषाशास्त्र विभागाने याच दशकात रॉकफेलर फाउंडेशनच्या साहाय्याने उन्हाळी वर्ग घेतले. देशभरचे तरुण अध्यापक पुण्यात आले आणि बोलीचे ध्वनिमुद्रण, स्वनिमांचे विश्लेषण ही नवी पद्धत शिकून आपापल्या विद्यापीठांत गेले. भारतातील आधुनिक भाषाशास्त्राची एक पिढी या वर्गांतून तयार झाली. लाहोरला 1928 मध्ये स्थापन झालेल्या भारतीय भाषाशास्त्र परिषदेचे कार्यालयही पुढे डेक्कन कॉलेजातच आले.

साठचे दशक : वर्षांचा हिशेब आणि माणसांचा

आतापर्यंत थरांवरून आधीचे-नंतरचे एवढेच सांगता येई. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत कार्बन-14 कालमापनाची प्रयोगशाळा सुरू झाल्यावर उत्खननातील कोळशाचे तुकडे तिकडे जाऊ लागले. धर्मपाल अग्रवाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काढलेल्या तारखांमुळे ताम्रपाषाणयुगीन वसाहती इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या सहस्रकात निश्चित झाल्या. सजीव मेल्यावर त्याच्यातला किरणोत्सारी कार्बन ठरावीक गतीने घटतो, हा भौतिकीचा नियम आता महाराष्ट्राच्या इतिहासाच्या कामी आला.

माणसांचा अभ्यासही दुहेरी चालला होता. इरावती कर्वे आणि कैलाश मल्होत्रा यांनी 1968 मध्ये महाराष्ट्रातील समान दर्जाच्या आठ अंतर्विवाही गटांची शारीरिक तुलना 'करंट अँथ्रोपॉलॉजी' या नियतकालिकात मांडली. दर्जा सारखा असला तरी गटांची शारीरिक ठेवण सारखी नव्हती. एका मूळ जातीचे तुकडे पडून पोटजाती झाल्या, या रूढ समजाला त्यामुळे आव्हान मिळाले. त्याच इरावतीबाईंनी जाई निंबकर यांच्यासह कोयना धरणाने उठवलेल्या लोकांची पाहणी केली. ती 1969 मध्ये संस्थेने प्रसिद्ध केली. कोणाला किती जमीन मिळाली, पाण्याची सोय काय, जुने शेजार कसे विस्कटले, याचा हा पद्धतशीर ताळेबंद आहे. विस्थापनाचा प्रश्न सार्वजनिक चर्चेत ठळक होण्याच्या कितीतरी आधी तो मांडला गेला.

राजस्थानातील अहाडच्या उत्खननानंतर मालती नागर यांनी त्या भागातील गावांतली घरे, चुली आणि कुंभारकाम यांची तुलना जमिनीखालच्या अवशेषांशी केली. पुराव्याला जिवंत समाजाची साक्ष काढण्याची ही पद्धत पुढे अनेक विद्यार्थ्यांनी उचलली.

मराठीच्या दृष्टीनेही हे दशक भरभक्कम होते. अ. मा. घाटगे यांनी कुडाळी, दक्षिण कानडा जिल्ह्यातील कोकणी अशा बोलींची वर्णने सिद्ध केली. अशोक रा. केळकर यांनी भाषाविचाराला तत्त्वज्ञानाची आणि साहित्यविचाराची जोड दिली. ना. गो. कालेलकरांच्या 'भाषा : इतिहास आणि भूगोल' या पुस्तकाला 1967 चा आणि लगेच पुढच्या वर्षी इरावतीबाईंच्या 'युगान्त'ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

सत्तरचे दशक : इनामगाव

1970 मध्ये इरावतीबाई गेल्या. 1971 मध्ये कत्रे निवृत्त झाले. पहिल्या पिढीने लावलेली कामे मात्र याच दशकात फळाला आली.

शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगावला 1968 मध्ये सुरू झालेले उत्खनन 1983 पर्यंत चालले. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि अन्सारी यांच्या नेतृत्वाखाली हंगामामागून हंगाम विद्यार्थी तंबूत राहिले. गावातील मजुरांचा हात इतका बसला, की मातीच्या रंगातला फरक पाहून भिंतीची रेघ ते विद्यार्थ्यांच्या आधी ओळखत. छायाचित्रकार, आरेखक, खापरे धुऊन क्रमांक घालणारे मदतनीस आणि स्वयंपाकी यांचाही या कामात तेवढाच वाटा आहे.

इ.स.पू. 1600 ते 700 या नऊशे वर्षांचे गाव तिथे थरांत उलगडले. घरांच्या जमिनीखाली मुलांना तोंडाला तोंड जोडलेल्या दोन रांजणांत पुरलेले होते. प्रौढांच्या सांगाड्यांना अनेकदा पावले नव्हती. चार पायांच्या एका मोठ्या मातीच्या रांजणात बसवून पुरलेला पुरुष आढळला. धान्यकोठाराजवळचे पाच खोल्यांचे घर, नदीचे पाणी वळवणारा कालवा आणि त्याला घातलेला बांध यांवरून गावात एकत्र काम करवून घेणारी सत्ता असावी, असा अंदाज बांधता आला.

हे सारे वाचायला एक शास्त्र अपुरे होते. मु. दि. काजळे यांनी मातीतून दाणे वेगळे करून जव, गहू, मसूर, कुळीथ ओळखले. पी. के. थॉमस यांनी हाडांवरून पाळीव आणि शिकारीचे प्राणी वेगळे केले. शरद राजगुरू यांनी नदीच्या गाळातून पर्जन्यमानाचा माग काढला. इ.स.पू. 1000 च्या सुमारास चौकोनी घरे जाऊन लहान गोल झोपड्या येतात, शेती आकसते आणि शिकार वाढते. वाढत्या कोरडेपणाशी या बदलांची सांगड ढवळीकरांनी घातली. गाळ, दाणे, हाडे आणि घरांचे आकार एकत्र ठेवल्यामुळेच हा विचार शक्य झाला.

इतरत्र वि. ना. मिश्र यांनी भीमबेटकाच्या शैलाश्रयांत खोदकाम केले आणि कट्टा पद्दय्या यांनी कर्नाटकातील हुणसगी खोऱ्यात आदिमानवाच्या वस्त्या शोधल्या. जी. एल. बदाम यांचा भारतातील हिमयुगीन प्राण्यांवरचा ग्रंथ 1979 मध्ये संस्थेने काढला. नद्यांच्या थरांतील हत्ती, रानबैल, पाणघोडे यांचे जीवाश्म आता दगडी हत्यारांच्या शेजारी ठेवून अभ्यासले जाऊ लागले. 1976 मध्ये संस्कृत महाकोशाचा पहिला भाग घाटगे यांच्या संपादनाखाली छापून आला.

ऐंशीचे दशक : दात, वाळू आणि राख

इनामगावच्या सांगाड्यांचा अभ्यास जॉन लुकाक्स आणि सुभाष वाळिंबे यांनी केला. त्यांचा खंड 1986 मध्ये आला आणि मुख्य अहवाल 1988 मध्ये. दाताच्या लुकणावर राहिलेल्या आडव्या खाचांवरून बालपणीच्या आजारांचा आणि उपासमारीचा अंदाज येतो, किडलेल्या दातांवरून आहाराचा. तीन हजार वर्षांपूर्वीच्या खेड्यातील मुलांच्या प्रकृतीविषयी काही सांगता येऊ लागले, ते अशा बारीक तपासणीमुळे.

राजस्थानातील डिडवाणा येथे वाळूच्या टेकडीत खोल चर घेऊन मिश्र आणि राजगुरू यांनी अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेच्या मदतीने थर मरुभूमीच्या बदलत्या हवामानाचा आणि माणसाच्या वावराचा दीर्घ पट मांडला. जुन्नर तालुक्यात कुकडी नदीकाठी बोरी येथे ज्वालामुखीच्या राखेचा थर आणि त्याच्या संगतीत दगडी हत्यारे मिळाली. राखेचे वय किती, यावर भूवैज्ञानिकांत बरीच वर्षे चर्चा झाली आणि पुण्याजवळचे हे छोटे गाव आंतरराष्ट्रीय नियतकालिकांत पोहोचले.

नव्वदचे दशक : अभिमत विद्यापीठ

1990 मध्ये संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा देण्यात आला. अभ्यासक्रम स्वतः आखण्याची मोकळीक मिळाल्याने पुरातत्त्वाच्या विद्यार्थ्याला भूशास्त्र, हाडांची ओळख, वनस्पतींचे अवशेष हे सारे नियमित शिक्षणाचा भाग म्हणून शिकता येऊ लागले. कलाशाखेची पदवी घेऊन आलेला विद्यार्थी इथे सूक्ष्मदर्शक हाताळतो, तर भूशास्त्राचा पदवीधर शिलालेख वाचायला शिकतो.

मिश्र आणि वसंत शिंदे यांनी उदयपूरजवळ बालाथल येथे उत्खनन सुरू केले. पद्दय्या यांनी हुणसगी खोऱ्यातील इसामपूर येथे आदिमानवाचा दगडी हत्यारे घडवण्याचा कारखाना उघड केला. तेथील प्राण्यांच्या दातांच्या कालमापनातून त्याचे वय सुमारे 12 लाख वर्षे आले.

2000 नंतर : रेणूंपर्यंत

बालाथलच्या सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या एका सांगाड्यावर कुष्ठरोगाच्या खुणा आढळल्या. अमेरिकेतील ग्वेन रॉबिन्स शुग आणि संस्थेतील वीणा मुश्रीफ-त्रिपाठी यांच्यासह अनेकांनी 2009 मध्ये ते निष्कर्ष प्रसिद्ध केले. कुष्ठरोगाच्या तोवर ज्ञात असलेल्या सांगाड्यांच्या पुराव्यांत हा सर्वांत जुना होता.

हरियाणातील फरमाणा येथे क्योटोच्या संशोधन संस्थेबरोबर झालेल्या उत्खननातील भांडी आणि दात यांवर चिकटलेल्या पिष्टकणांत हळद आणि आले यांच्या खुणा दिसल्या. सिंधू संस्कृतीतल्या स्वयंपाकघरापर्यंत पोहोचण्याचा हा मार्ग वनस्पतिशास्त्राने दाखवला.

राखीगढीच्या दफनभूमीतील 61 नमुन्यांतून प्राचीन डीएनए मिळवण्याचा प्रयत्न झाला. उष्ण हवामानात डीएनए सहसा टिकत नाही. अखेर एका स्त्रीच्या सांगाड्यातून पुरेसा अंश मिळाला. शिंदे आणि देशविदेशातील सहकाऱ्यांचा हा शोधनिबंध 2019 मध्ये 'सेल' या नियतकालिकात आला. त्या स्त्रीच्या जनुकांत स्टेप प्रदेशातील पशुपालकांचा वारसा आढळला नाही. या निष्कर्षाचा अर्थ कसा लावावा, यावर जनुकशास्त्रज्ञ, भाषाशास्त्रज्ञ आणि पुरातत्त्वज्ञ अजूनही चर्चा करत आहेत, आणि या तीनपैकी दोन विद्यांची माणसे डेक्कन कॉलेजच्या एकाच आवारात आहेत.

आजचे काम

संस्थेत आज पुरातत्त्व व प्राचीन भारतीय इतिहास, भाषाशास्त्र, संस्कृत व कोशशास्त्र असे विभाग चालतात. पुरातत्त्वाच्या संग्रहालयात इनामगावचा चार पायांचा रांजण पाहायला शाळांच्या सहली येतात. मराठा संग्रहालयातील कागदपत्रे अभ्यासकांसाठी उपलब्ध आहेत.

महाकोशाचे तीसहून अधिक खंड निघाले असून ते सर्व अद्याप 'अ'ने सुरू होणाऱ्या शब्दांतच आहेत. जुन्या चिठ्ठ्यांचे संगणकीकरण आणि पुढच्या शब्दांचे संपादन बरोबरीने चालू आहे.

भाषाशास्त्र विभागाने राज्य मराठी विकास संस्थेच्या सहकार्याने मराठीच्या बोलींचे प्रतिमांकित सर्वेक्षण केले. सोनल कुलकर्णी-जोशी आणि त्यांचे तरुण सहकारी ध्वनिमुद्रणाची साधने घेऊन जिल्ह्याजिल्ह्यांतील गावांत गेले. नात्यांची नावे, रोजच्या वस्तूंची नावे, वाक्यरचनेतील फरक आणि लोकांनी स्वतः सांगितलेल्या गोष्टी त्यांनी नोंदवल्या. सत्तर वर्षांपूर्वी इरावतीबाईंनी वहीत टिपलेल्या नातेवाचक शब्दांच्या जोडीला आता बोलणाऱ्यांचे आवाज नकाशासह उपलब्ध झाले आहेत. हे साहित्य सर्वांसाठी खुले असून पाठ्यपुस्तके तयार करणाऱ्या शिक्षकांना आणि बोलींचा अभ्यास करणाऱ्या नव्या विद्यार्थ्यांना ते कामी येत आहे.